एकजुटीची किंमत कोणी मोजायची?

राळेगाव तालुक्याच्या काळ्या जमिनीतील मुख्य पीक म्हणजे कापूस. पेरणीपासून वेचणीपर्यंत ज्यांचे हात या पिकाला लागतात, त्यांत आपल्या समाजातील मजूर स्त्रिया आहेत, कोलाम व गोंड बंधुभगिनी आहेत आणि कर्जाने वाकलेला लहान शेतकरीही आहे. वऱ्हाडचा कापूस ब्रिटिश अमदानीत आगगाडीने मुंबईस जाई व तेथील गिरण्यांत त्याचे सूत आणि कापड होई. वेचणाऱ्या अस्पृश्य बाईच्या हाताचा विटाळ त्या कापसाला कोणी मानला नाही. व्यापाऱ्याने मानला नाही, गिरणीमालकाने मानला नाही आणि ते कापड अंगावर घालणाऱ्यानेही मानला नाही. परंतु त्याच बाईचा कोकणातला किंवा देशावरचा जातभाई पोटासाठी मुंबईस जाऊन गिरणीच्या दाराशी उभा राहिला, तेव्हा कमी मजुरीच्या सूत खात्यात त्याला काम मिळाले. अधिक मजुरीच्या विणकाम खात्याचे दार मात्र त्याच्यासाठी बंद राहिले.

हे दार कोणी बंद केले आणि ते उघडण्याची जबाबदारी कोणाची होती? महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध कम्युनिस्ट पुढारी कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांचे चरित्र वाचताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा येतो. डांगे यांनी आपल्या दीर्घ आयुष्यात ब्रिटिश सरकारशी, गिरणीमालकांशी, काँग्रेसशी आणि अखेर आपल्याच पक्षातील मंडळींशी झुंज घेतली. या सर्व झुंजींत एक सामना असा होता की, ज्यात समोर शत्रू नव्हता. समोर कामगारच होता, पण तो अस्पृश्य होता. त्या सामन्याचा हिशेब आपण शांतपणे मांडला पाहिजे. डांगे यांची पूजा बांधण्याचे आपल्याला कारण नाही आणि त्यांच्या नावाने नुसती बोटे मोडण्यातही शहाणपण नाही. आज आपल्या दारी ऐक्याचे निमंत्रण घेऊन नाना रंगांच्या झेंड्यांचे लोक येतात. त्यांना काय उत्तर द्यावे, हे त्या हिशेबातून कळते. म्हणून हा लेख.

डांगे यांचा जन्म १८९९ सालचा, नाशिक जिल्ह्यातला. मुंबईस विल्सन कॉलेजात शिकत असता ते असहकाराच्या चळवळीत ओढले गेले. १९२१ मध्ये त्यांनी गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारी इंग्रजी पुस्तिका लिहिली. त्या वेळी त्यांचे वय अवघे एकवीस-बावीस वर्षांचे होते. १९२२ मध्ये त्यांनी ‘सोशॅलिस्ट’ हे इंग्रजी साप्ताहिक सुरू केले. सरकारची नजर त्यांच्यावर होतीच. १९२४ च्या कानपूर कटाच्या खटल्यात त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. १९२७ मध्ये ते सुटून आले, तेव्हा मुंबईचा गिरणी कामगार खदखदत होता. मालक मजुरी कमी करू पाहत होते आणि एकेका कामगाराकडे अधिक यंत्रे सोपवू पाहत होते. एप्रिल १९२८ मध्ये संप पेटला. त्याच वर्षी गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. तिचे अध्यक्ष आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले गृहस्थ होते आणि सरचिटणीस डांगे होते. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने कामावर गेले नाहीत. वर्ष संपण्याच्या सुमारास युनियनच्या सभासदांची संख्या पन्नास हजारांच्या वर गेली होती. एका सुशिक्षित ब्राह्मण तरुणाच्या शब्दावर गिरणगाव थांबत होते आणि चालत होते. हे सामर्थ्य लहान नव्हे, आणि ते त्याने तुरुंगवास पत्करून मिळवले होते, हेही नाकारता येणार नाही.

आता त्या बंद दाराकडे वळू. विणकाम करताना धोट्यातील कांडीचे सूत संपले की नवी कांडी घालावी लागे, आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याचेही तोंड लागणार. तेव्हा स्पृश्य कामगारांनी सांगितले की, येथे अस्पृश्य चालणार नाही. मालकाला पैसा हवा होता. भांडण नको होते. त्याने ही व्यवस्था चालू ठेवली. वाचकहो, यातील कारण नीट पाहा. दिसायला ते सोवळेओवळे होते. परंतु त्याच्या पाठीशी पगाराचा फरक होता. विणकर अधिक मिळवीत असे. धर्माच्या नावाने राखलेली ती अधिक पगाराची जागा होती. कामगारवर्ग एक आहे असे सांगणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच युनियनच्या सभासदांनी, कामगारवर्गात घातलेली ती भिंत होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी मुंबई कायदे कौन्सिलचे सभासद होते आणि ‘बहिष्कृत भारत’ पत्र चालवीत होते. १९२८ च्या संपात त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट विचारले: तुमच्या मागण्यांच्या यादीत आमच्या माणसाला विणकाम खात्यात प्रवेश देण्याची मागणी आहे काय? ती नसेल, तर आमच्या माणसाने सहा महिने उपाशी का राहायचे? हा प्रश्न कटू होता, पण न्याय्य होता. पुढाऱ्यांनी मोठ्या नाखुशीने ती मागणी यादीत घातली. पुढे ती मालकांपुढे गेली, तेव्हा मालकांनी हात झटकले. ही बंदी आम्ही घातलेली नाही, असे त्यांचे उत्तर होते. आणि ते उत्तर पूर्णतः खोटे नव्हते, हीच लाजेची गोष्ट! मालकाविरुद्ध दीड लाख माणसे उभी करणारी संघटना आपल्याच सभासदांना ‘शेजारच्या भावाला तुमच्या साच्यावर येऊ द्या’ असे खडसावून सांगू शकली नाही. मालकाशी लढणे तिला जमले. आपल्या माणसाशी बोलणे तिला जमले नाही.

याचे परिणाम पुढच्याच वर्षी दिसले. १९२९ मध्ये दुसरा सार्वत्रिक संप पुकारला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. सहा महिन्यांच्या संपाने कर्जात बुडालेल्या आणि संप जिंकूनही साच्यापर्यंत न पोचणाऱ्या आपल्या माणसांना पुन्हा उपासमारीत लोटण्यास ते तयार नव्हते. कम्युनिस्टांनी त्यांना संपफोडे ठरवले. परंतु संप फुटतो तो कोठे? तो ज्या ठिकाणी आधीच चीर गेलेली असते तेथे फुटतो. ती चीर बाबासाहेबांनी पाडली नव्हती. त्यांनी ती बोटाने दाखवली.

त्याच सुमारास, मार्च १९२९ मध्ये, सरकारने डांगे व त्यांचे सहकारी यांना मीरतच्या कटाच्या खटल्यात पकडले. खटला चार वर्षे चालला. १९३३ मध्ये डांगे यांना बारा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. जगभर या खटल्याचा निषेध झाला. कामगारांसाठी आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात घालवणाऱ्या माणसाविषयी कोणाही न्यायी माणसास आदर वाटेल, आणि आम्हांसही तो वाटतो. परंतु त्याग हा चुकीवरचा उतारा नव्हे. तुरुंगात गेलेला पुढारी बाहेर येतो तेव्हा लोक त्याच्या बेड्या मोजतात. त्याने कोणाची बेडी तोडली नाही, हे मोजणे बाकी राहते.

मग हे दोन प्रवाह कधी एकत्र आलेच नाहीत काय? आले; आणि आले तेव्हा मुंबई हादरली. १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्या पक्षाच्या नावातच मजूर होता. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी सांगितले की, या देशातील कामगारांचे शत्रू दोन आहेत: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, तर समतेला नकार देणारी वृत्ती, असा खुलासाही त्यांनी तेथेच केला. त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले. त्यामुळे संपाच्या हक्कावर कडक बंधने येणार होती. बाबासाहेबांनी असेंब्लीत त्याच्या चिंधड्या उडवल्या. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर जुंपणे म्हणजे गुलामगिरी, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडवला. कामगार एकत्र निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. कायदा थांबला नाही, हे खरे. पण काँग्रेसच्या सत्तेला त्या दिवशी कळले की, अस्पृश्य कामगार आणि स्पृश्य कामगार एका बाजूस उभे राहिले, तर मंत्रिमंडळाची झोप उडते.

या वेळी ऐक्य का जमले? कारण या वेळी अस्पृश्य कामगार शेपटाला नव्हता. त्याचा स्वतःचा पक्ष होता, स्वतःचा पुढारी होता, असेंब्लीत स्वतःचा आवाज होता. तो बोलावला म्हणून आला नव्हता. तो ठरवून आला होता. १९२८ मध्ये तो अर्जदार होता, १९३८ मध्ये तो भागीदार होता. ऐक्याच्या दोन प्रकारांतील सारा फरक या दोन शब्दांत आहे.

परंतु हा धडा टिकला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५२ मध्ये, उत्तर मुंबईच्या लोकसभा मतदारसंघात जे घडले, ते आपल्या समाजाच्या काळजात आजही सलते. तो दोन जागांचा मतदारसंघ होता: एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांच्या पेट्यांत टाकायची होती. दोन्ही एकाच पेटीत टाकल्यास एक बाद होई. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे बाबासाहेब उभे होते आणि त्यांच्या जोडीला समाजवादी पक्षाचे अशोक मेहता होते. सर्वसाधारण जागेसाठी कम्युनिस्टांतर्फे डांगे उभे होते. निकाल लागला तेव्हा दोन्ही जागा काँग्रेसने नेल्या होत्या. राज्यघटनेच्या शिल्पकाराचा काँग्रेसचे काजरोळकर यांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. ७४,३३३ मते बाद झाली होती, आणि डांगे यांनी राखीव जागेचे मत कुजवण्याचा प्रचार केला, अशी त्यांची तक्रार होती. अर्ज फेटाळला गेला. परंतु ‘मते कुजवा’ हे दोन शब्द आपल्या समाजाच्या स्मरणातून कोणत्याही न्यायालयाला फेटाळता आले नाहीत.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. फेडरेशनने आपल्या जाहीरनाम्यातच कम्युनिस्टांशी युती करणार नाही, असे म्हटले होते. तेव्हा डांगे यांनी बाबासाहेबांना मत द्यावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. राजकारणात विरोध करण्याचा हक्क सर्वांना आहे. विरोध करणे वेगळे आणि मत कुजवा म्हणणे वेगळे. विरोधक म्हणतो, ‘यांना देऊ नका, त्यांना द्या.’ मत कुजवणारा म्हणतो, ‘राखीव जागेवर कोण जातो, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही.’ विणकाम खात्याच्या दाराशी जी वृत्ती उभी होती, तीच येथे मतपेटीपाशी येऊन उभी राहिली: तुमचा प्रश्न हा आमचा प्रश्न नाही, तो नंतर पाहू.

आणि याच्या उलट उदाहरण पाहावयाचे असेल, तर आपल्या विदर्भाकडेच या. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब पुन्हा उभे राहिले. तेथेही दोन जागा होत्या आणि दोन मते होती. आपल्या लोकांनी दुसरे मत कोणालाच देऊ नये, म्हणजे आपला विजय सोपा होईल, असे काही कार्यकर्त्यांनी सुचवले. बाबासाहेबांनी ते साफ नाकारले. ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवण्यास सांगावे, हे त्यांना मान्य नव्हते, अशी आठवण चळवळीत आजवर सांगितली जाते. निकाल असा लागला की, अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पडले. पराभव पत्करला, परंतु मताची प्रतिष्ठा राखली. दोन पुढाऱ्यांतील अंतर मोजण्यास यापेक्षा निराळे माप शोधण्याचे कारण नाही.

तथापि इतिहास येथेच थांबत नाही, आणि आपणही येथे थांबून चालणार नाही. अवघ्या पाच वर्षांनी तेच डांगे, तीच मुंबई आणि तीच दोन मतांची पद्धत यांनी अगदी निराळा निकाल दिला. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात कम्युनिस्ट होते, प्रजासमाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता आणि आपले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. समाज पोरका झाला होता, तरीही १९५७ च्या निवडणुकीत तो संघटितपणे उतरला. मध्य मुंबईच्या दोन जागांच्या मतदारसंघातून सर्वसाधारण जागेवर डांगे निवडून आले आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने निवडून आले. नाशिकहून दादासाहेब गायकवाड लोकसभेत गेले. ज्या मतदाराला पाच वर्षांपूर्वी दुसरे मत कुजवण्यास सांगितले, अशी तक्रार होती, त्याच कामगार मतदाराने आता दुसरे मत फेडरेशनच्या उमेदवाराला दिले. मतदार बदलला नव्हता. पुढाऱ्याने त्याला काय सांगितले, हे बदलले होते. आणि पुढाऱ्याने ते का सांगितले? समितीत बसताना जागांचा करार झाला होता म्हणून. हृदयपरिवर्तनाची वाट पाहत बसलो असतो, तर माने लोकसभेत गेले नसते.

१९५७ चे हे यश म्हणजे डांगे यांच्या सामर्थ्याचा कळस. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला आणि त्या विजयात त्यांचा वाटा मोठा होता. परंतु विजयानंतर समिती विस्कटली. १९६२ मध्ये निवडल्या गेलेल्या लोकसभेत डांगे नव्हते. १९६७ मध्ये ते पुन्हा गेले. मधल्या काळात त्यांच्यापुढे निराळाच पेच उभा राहिला. मॉस्को आणि पेकिंग यांच्यात वितुष्ट आले आणि जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांत त्याची चीर उतरली. १९६२ च्या ऑक्टोबरात चीनने भारतावर आक्रमण केले. डांगे तेव्हा पक्षाचे अध्यक्ष होते. त्यांनी नेहरू सरकारच्या बाजूने ठाम भूमिका घेतली. पक्षातील दुसरा गट त्यांच्यावर खवळला. १९६४ मध्ये, १९२४ च्या सुमारास डांगे यांनी ब्रिटिश सरकारला लिहिली असे म्हटली जाणारी पत्रे प्रसिद्ध झाली. ती बनावट आहेत, असे डांगे यांचे म्हणणे होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय परिषदेतून बत्तीस सभासद उठून गेले आणि वर्षअखेर पक्षाची दोन शकले झाली. पुढे १९८१ मध्ये ज्या पक्षाला त्यांनी आयुष्य दिले, त्यानेच त्यांना काढून टाकले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा जो संप सुरू झाला, त्यानंतर गिरणगाव पुन्हा उभे राहिले नाही. १९९१ मध्ये डांगे वारले. ज्या साच्यांवर अस्पृश्याला येऊ दिले नव्हते, ते साचेच पुढे भंगारात गेले. भिंत राखणाऱ्यांच्या हाती शेवटी ना भिंत उरली, ना गिरणी.

कोणी म्हणेल की, कम्युनिस्टांना खालच्या माणसाचे दुःख कळतच नाही. आम्ही तसे म्हणणार नाही, कारण ते सत्य नाही. स्वतंत्र मजूर पक्षात बाबासाहेबांबरोबर काम केलेले शामराव परुळेकर पुढे कम्युनिस्ट झाले. त्यांनी व गोदावरी परुळेकर यांनी १९४५ पासून ठाणे जिल्ह्यातील वारली आदिवासींना उठवले. तेथे त्यांनी सुरुवात कोठून केली? वेठबिगारीपासून आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर गडी म्हणून राबवण्याच्या लग्नगडी पद्धतीपासून. म्हणजे ज्या ठिकाणी माणसाचे माणूसपण चिरडले जात होते, नेमके तेथे त्यांनी बोट ठेवले. मजुरीचा प्रश्न आणि मानाचा प्रश्न त्यांनी वेगळे केले नाहीत. म्हणून वारली उठला. त्याच तत्त्वावर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. जमीन आणि स्वाभिमान या दोन मागण्या नव्हेत. ती एकच मागणी आहे, हे त्यांनी तुरुंग भरून सिद्ध केले.

याच जागी कम्युनिस्टांचा आणि आपला मार्ग वेगळा होतो. जाती या जुन्या अर्थव्यवस्थेची सावली आहेत, व्यवस्था बदलली की सावली आपोआप जाईल, असे ते दीर्घकाळ मानत आले. बाबासाहेबांनी दाखवले की, जात कामांचीच नव्हे, तर काम करणाऱ्यांची वाटणी करते. तेव्हा ती मोडल्यावाचून कामगारवर्ग तयारच होत नाही. नोव्हेंबर १९५६ मध्ये, धम्मदीक्षेनंतर दीड महिन्याच्या आतच, काठमांडूच्या भाषणात त्यांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषण संपावे, हे ध्येय त्यांना मान्य होते. ते हिंसेने व हुकूमशाहीने साधावे, हे मान्य नव्हते. मन बदलल्यावाचून जे लादले जाते ते बळ ओसरताच कोसळते, असा त्यांचा इशारा होता. धोट्याची गोष्ट आठवा. तेथे कायदा आडवा नव्हता, मालकही एकटा आडवा नव्हता. शेजारच्या साच्यावरील कामगाराचे मन आडवे होते.

आता, राळेगावच्या आणि आसपासच्या वाचकहो, हे सारे आपल्या उपयोगाचे कसे? गिरण्या गेल्या, पण कापूस आहे. जिनिंगमध्ये रुईचा धुरळा छातीत घेणारा मजूर आहे. किलोच्या भावाने वेचणी करणारी बाई आहे. कापसाला भाव मिळावा म्हणून मोर्चे निघतात, ते निघालेच पाहिजेत, आणि त्यांत आपण गेले पाहिजे. परंतु जाताना विचारावे: शेतकऱ्याच्या कापसाचा भाव वाढला, तर वेचणाऱ्या बाईचा भाव वाढेल काय? ही मागणी तुमच्या पत्रकात आहे काय? नसेल, तर ती घाला. मग आम्ही येतो. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी हेच विचारले होते. यात फुटीरपणा नाही. फूट पाडतो तो, जो ही मागणी पत्रकाबाहेर ठेवतो.

दुसरी गोष्ट मताची. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. आज एकाला एकच मत आहे. विधानसभेचा राळेगाव मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. म्हणजे येथे उमेदवार आदिवासी असतो, आणि त्याला निवडून देणाऱ्यांत आपण सर्व असतो. उत्तर मुंबईत जे आपल्या वाट्याला आले, ते आपण येथे दुसऱ्याच्या वाट्याला आणू नये. ‘जागा आपली नाही, कोणी का येईना’ असे म्हणून जो घरी बसतो किंवा पैशाला मत विकतो, तो मत कुजवतोच. कोलाम आणि गोंड बांधवांचा खरा प्रतिनिधी कोण, जंगल-जमिनीच्या हक्कासाठी कोण उभा राहतो, हे विचारून मत देणे हे आपले कर्तव्य आहे. आपल्यावर अन्याय झाला म्हणून ओरडण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो तोच अन्याय दुसऱ्यावर करीत नाही.

तिसरी गोष्ट संघटनेची. १९३८ आणि १९५७ मध्ये ऐक्य फळाला आले, कारण आपण आपली संघटना घेऊन बसलो होतो. १९५२ मध्ये ते नव्हते आणि दोन्ही जागा तिसऱ्यानेच नेल्या. डांगे आणि बाबासाहेब दोघेही हरले, काँग्रेस जिंकली. ज्यांना वाटते की दलितांचा प्रश्न बाजूस ठेवला तर चळवळ बळकट होते, त्यांनी हा निकाल भिंतीवर लिहून ठेवावा. आणि ज्यांना वाटते की एकट्याने सर्व मिळेल, त्यांनी माने कोणाकोणाच्या मतांनी लोकसभेत गेले, हे आठवावे. मात्र आपलीच संघटना गटागटांत विखुरलेली असेल, तर करार करायला जाणार कोण? त्यामुळे ऐक्याचा पहिला हप्ता आपल्याला आपल्या घरातच भरावा लागेल.

तेव्हा हाक कोणाचीही येवो, लाल निशाणाची येवो की अन्य कोणत्या रंगाची, तिला उर्मटपणे झिडकारू नका आणि हुरळून तिच्यामागे धावूही नका. अट आधी सांगा, ती कागदावर घ्या, आणि एकदा शब्द दिला की तो शेवटपर्यंत पाळा. ज्या एकजुटीची किंमत सर्वजण मिळून मोजतात, तिचे फळ सर्वांना मिळते. जिची किंमत एकट्या खालच्या माणसाने मोजायची असते, तिला एकजूट म्हणत नाहीत. तिला वेठ म्हणतात. आणि वेठ तर आपण केव्हाच नाकारली आहे.